किल्ली बरोबर आहे, जुडगा मोठा झालाय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच कळेल. तुम्ही एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशिनवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरून सर्व्हरवर जाता. ऑफिसचा लॅपटॉप उबुंटू लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीवरून २२.०४ वर नेलात. त्यानंतर सेंटओएस ६ हे जुनं लिनक्स चालवणाऱ्या सर्व्हरने आधी 'नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड' अशी कुरकुर केली. नेटवर मिळालेली एक ओळ कॉन्फिगमध्ये टाकल्यावर ती थांबली, पण आता 'परमिशन डिनाइड, पब्लिककी' येतं. दुसरीकडे, क्लाउडवरच्या नव्या मशिनची पेम फाइल (तिथली किल्ली) स्पष्टपणे '-आय' लावून दिली तरी 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' म्हणत तो दार आपटतो. मधल्या दोन दिवसांत तुम्ही फाइलींना ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) दिली, वेगवेगळ्या नावांनी ईडी२५५१९ या नव्या प्रकारच्या पाच किल्ल्या बनवल्या आणि लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला. सहकाऱ्याचा लॅपटॉप अजून २०.०४ वर आहे, आणि त्याच फाइली तिथे नेल्या तर दोन्हीकडे बिनबोभाट जाता येतं.

माझं निदान असं की ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं अपग्रेडमुळे झालंय. दुसरं तुम्ही औषध म्हणून बनवलेल्या त्या पाच किल्ल्यांमुळे झालंय. राग मानू नका, हे आम्ही सगळ्यांनी केलंय.

एक खुलासा. ऑफिसात आपण 'की' म्हणतो, पण लिहिताना 'मला वाटतं की की चुकली' असली वाक्यं होतात, म्हणून मी किल्ली म्हणणार. मुंबईकरांनी चावी वाचावं. कमांड आणि ऑप्शनही इथे बोलल्यासारखे लिहिले आहेत. ऑप्शनच्या नावात मी वाचायला सोपं जावं म्हणून टाकलेली रेघ टाइप करताना गाळायची.

आता कामाला लागू. किल्लीने आत जाताना तीन गोष्टी क्रमाने घडतात. तुमचा लॅपटॉप एक पब्लिक किल्ली (जोडीतला उघड दाखवायचा भाग) पुढे करतो आणि विचारतो, 'ही चालेल का?' सर्व्हर आपल्या ऑथराइज्ड_कीज फाइलमध्ये (चालणाऱ्या किल्ल्यांच्या यादीत) बघून हो किंवा नाही म्हणतो. हो म्हणाला तर लॅपटॉप प्रायव्हेट किल्लीने (जोडीतल्या गुपित भागाने) एक सही करून देतो आणि सर्व्हर ती तपासतो. प्रायव्हेट किल्ली कधीच तारेवरून जात नाही, जाते ती सही. बिघाड या तीनपैकी कुठल्या पायरीवर आहे हे कळल्याशिवाय फाइलींच्या परवानग्या बदलत बसणं म्हणजे ताप कशाचा हे न बघता क्रोसिन घेणं. कधी कधी बरं वाटतंही, म्हणूनच ती सवय जात नाही.

पायरी ओळखायला 'एसएसएच -व्ही' पुरतं. पानभर मजकूर धबाधबा येतो, पण बघायच्या ओळी मोजक्या. 'विल अटेम्प्ट की' ही यादी म्हणजे लॅपटॉप कुठल्या किल्ल्या, कुठल्या क्रमाने वापरून बघणार आहे ते. ओळीच्या शेवटी 'एजंट' किंवा 'एक्सप्लिसिट' असं लिहिलेलं असतं, त्याकडे नीट बघा: 'एक्सप्लिसिट' म्हणजे तुम्ही स्वतः सांगितलेली किल्ली, आणि 'एजंट' वर थोड्या वेळाने येतो. 'ऑफरिंग पब्लिक की' म्हणजे किल्ली पुढे केली. त्यानंतर 'सर्व्हर ॲक्सेप्ट्स की' आलं तर सर्व्हर राजी आहे आणि यापुढची गडबड सहीची, म्हणजे तुमच्याच बाजूची. ते न येता 'ऑथेंटिकेशन्स दॅट कॅन कंटिन्यू' आलं तर सर्व्हरने नाकारली. आणि तुम्हाला हवी असलेली किल्ली 'ऑफरिंग' मध्ये (डॉट-पब नसलेल्या फाइलीसाठी 'ट्रायिंग प्रायव्हेट की' मध्ये) आलीच नसेल, तर सर्व्हरचा काही दोष नाही, त्याला ती कुणी दाखवलीच नाही. सुरुवातीला 'आयडेंटिटी फाइल' च्या ओळीत 'टाइप -१' दिसलं की बरेच जण घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की किल्लीचा पब्लिक भाग वाचता आला नाही: त्या जागी फाइल नाही, किंवा शेजारी डॉट-पब (पब्लिक भागाची फाइल) नाही. पेम फाइलीला ते दिसणं साहजिक आहे.

आता तुमचं क्लाउडचं मशिन.

ग्नोम डेस्कटॉपवर तुम्ही लॉगिन केलंत की मागे एक एजंट उभा राहतो. तुमच्या उबुंटूत ते काम ग्नोम कीरिंग करतो. एजंट म्हणजे किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून बसलेला माणूस. सही हवी असेल तर एसएसएच त्याला सांगतो, तो करून देतो. हा ग्नोमवाला एजंट जरा अतिउत्साही आहे. डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये जी प्रायव्हेट किल्ली आपल्या डॉट-पब जोडीदारासकट दिसेल, ती तो न सांगता जुडग्यात ओवतो. तुमच्याकडे आधी आरएसए या जुन्या प्रकारच्या, ऑफिसची आणि गिटलॅबची, अशा दोन होत्या, त्यात पाच नव्या आल्या. सात झाल्या. पेम फाइलीला मात्र डॉट-पब नाही, म्हणून ती जुडग्यात नाही.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट इथे येते. '-आय' लावून फाइल दिली म्हणजे तीच पहिली किंवा तीच एकटी वापरली जाईल, असं नसतं. ओपनएसएसएचचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या एसएसएच प्रोग्रॅमचा) क्रम असा: तुम्ही सांगितलेल्या किल्ल्यांपैकी ज्या एजंटकडे आहेत त्या आधी, मग एजंटकडच्या बाकी सगळ्या, आणि ज्या फक्त फाइल म्हणून दिल्या आहेत, एजंटकडे नाहीत, त्या सगळ्यात शेवटी. सर्व्हरच्या बाजूला 'मॅक्स-ऑथ-ट्राइज' नावाची मर्यादा असते, न बदलल्यास ६. नाकारलेली प्रत्येक किल्ली हा एक फसलेला प्रयत्न. तुमच्या सात किल्ल्यांतल्या सहा नाकारल्या गेल्या की सर्व्हर फोन ठेवतो. पेमची पाळी आठवी, ती येतच नाही. दोन किल्ल्या होत्या तेव्हा पेम तिसरी यायची आणि सगळं छान चालायचं. म्हणजे किल्ली बनवण्याचा प्रत्येक उपाय तुम्हाला दारापासून एक पाऊल मागे नेत होता.

खात्री करून घ्यायला 'एसएसएच-ॲड -एल' मारा. सात ओळी दिसल्या तर मी बरोबर. मग हे करून बघा: '-ओ आयडेंटिटीज-ओन्ली=येस' आणि '-ओ आयडेंटिटी-एजंट=नन' असे दोन्ही लावून, पेम '-आय' ने द्या. पहिला ऑप्शन म्हणतो की सांगितलेल्याच किल्ल्या वापर. दुसरा म्हणतो की एजंटला विचारूच नकोस. मी स्वतः लिनक्स डेस्कटॉपवरचं कुठलंही एसएसएच दुखणं बघताना ही कमांड पहिली मारतो, सोबत '-कॅपिटल एफ नन' लावून, म्हणजे कॉन्फिग फाइलही बाजूला राहते. एवढ्याने आत गेलात तर किल्ली आणि सर्व्हर दोन्ही निर्दोष, आणि गोंधळ तुमच्या डेस्कटॉपच्या मधल्या मंडळींचा.

कायमचा उपाय कॉन्फिगमध्ये, त्या होस्टच्या नावाखाली: आयडेंटिटी-फाइलमध्ये पेमचा पत्ता आणि आयडेंटिटीज-ओन्ली येस. 'एसएसएच-ॲड -कॅपिटल डी' ने जुडगा रिकामा करायचा सल्ला कुणी देईल. साध्या एजंटवर तो चालतो. ग्नोम कीरिंगवर फोल्डरमधून आपोआप आलेल्या किल्ल्या त्याने जात नाहीत, पुन्हा यादीत दिसतात, आणि माणूस आपल्यालाच वेड लागलं का म्हणून स्क्रीनकडे बघत बसतो. त्यांना घालवायचं तर फाइली डॉट-एसएसएच मधून हलवा.

आयडेंटिटीज-ओन्लीची एक गंमत सांगून पुढे जातो. आयडेंटिटी-फाइलमध्ये प्रायव्हेटऐवजी डॉट-पब फाइलचा पत्ता दिला तरी चालतो. मग एसएसएच एजंटला म्हणतो, 'या पब्लिकची जोडीदार तुझ्याकडे असेल तर सही कर.' प्रायव्हेट किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा दुसऱ्या मशिनवर असताना याचा फार उपयोग होतो.

आता जुना सर्व्हर. इथे जरा इतिहास लागतो.

सेंटओएस ६ मध्ये ओपनएसएसएच ५.३ आहे. त्या काळी आरएसए किल्लीने सही करायची एकच पद्धत होती, आत एसएचए-१ (मजकुराचा छोटा ठसा काढायची रीत) वापरणारी, आणि तिचं नाव 'एसएसएच-आरएसए'. दुर्दैवाने किल्लीच्या प्रकाराचं नावही तेच. एसएचए-१ ची दोन वेगळ्या फाइलींना एकच ठसा देणारी जोडी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने प्रत्यक्ष करून दाखवली. ओपनएसएसएचमध्ये एसएचए-२ ही त्यापुढची रीत वापरून आरएसएची सही करायची सोय ७.२ पासून, म्हणजे २०१६ पासून होती. सप्टेंबर २०२१ च्या ८.८ आवृत्तीत त्यांनी जुनी एसएचए-१ वाली पद्धत आपणहून वापरणं बंद केलं. उबुंटू २०.०४ मध्ये ८.२ आहे, २२.०४ मध्ये ८.९. रेषा बरोबर या दोघांच्या मधून जाते. सहकाऱ्याचा लॅपटॉप का चालतो याचं उत्तर हेच. त्याचा मंत्र जास्त सिद्ध वगैरे काही नाही, त्याने फक्त अपग्रेड केलेलं नाही.

त्यामुळे 'आरएसए किल्ली आता चालत नाही' हे तुम्ही वाचलेलं अर्धसत्य आहे. किल्ली चालते, बाद झाली ती सहीची पद्धत. तीच किल्ली नव्या सर्व्हरवर एसएचए-२ ने सही करून आरामात आत नेते. सेंटओएस ६ ला एसएचए-२ वाली सही समजत नाही, आणि तुमचा लॅपटॉप जुनी करायला तयार नाही. '-व्ही' च्या मजकुरात 'नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम' अशी ओळ शोधा, सापडेल. तिथे लॅपटॉप आरएसए किल्ली सर्व्हरला दाखवतसुद्धा नाही, परस्पर गाळतो. मग उरलेल्या पाच ईडी२५५१९ दाखवतो. ईडी२५५१९ ओपनएसएसएचमध्ये आलं ६.५ मध्ये, २०१४ साली, ५.३ ने ते नाव ऐकलेलंही नाही. पाचही नाकारल्या, सहाचा आकडा गाठला नाही, किल्ल्या संपल्या, म्हणून इथे 'टू मेनी' न येता साधं 'परमिशन डिनाइड' आलं. तुमच्या दोन सर्व्हरांवर दोन वेगळे संदेश का, ते यातून सुटतं.

तुम्ही टाकलेली ओळ होती 'होस्ट-की-अल्गोरिदम्स', पुढे अधिक चिन्ह आणि एसएसएच-आरएसए. ती सर्व्हरने स्वतःची ओळख पटवण्यापुरती. तुमची ओळख पटवण्यासाठी तशीच दुसरी ओळ लागते: 'पबकी-ॲक्सेप्टेड-अल्गोरिदम्स', पुढे अधिक चिन्ह आणि एसएसएच-आरएसए. ८.५ च्या आधी या ऑप्शनचं नाव 'पबकी-ॲक्सेप्टेड-की-टाइप्स' होतं, म्हणून जुन्या लेखांत ते दिसेल. अधिक चिन्ह विसरू नका. ते नसेल तर आधीची सगळी यादी पुसली जाऊन ही एकच पद्धत उरते.

आणि कृपा करून या दोन्ही ओळी त्या एका सर्व्हरच्या होस्ट नावाखाली ठेवा. तुम्ही पहिली ओळ फाइलच्या अगदी डोक्यावर टाकली आहे, म्हणजे ती सगळ्या जगाला लागू. एका म्हाताऱ्या सर्व्हरसाठी सगळ्या दारांचे कडी-कोयंडे सैल कशाला? शिवाय या फाइलीत जी किंमत आधी सापडते तीच धरली जाते, खालची नंतरची तिला खोडत नाही. त्यामुळे 'होस्ट स्टार' वालं सर्वसाधारण प्रकरण नेहमी तळाशी. नेमकं काय लागू होतंय ते बघायला 'एसएसएच -कॅपिटल जी' आणि होस्टचं नाव: काही जोडणी न करता अंतिम हिशोब छापून देतो.

सेंटओएस ६ चा पाठिंबा ३० नोव्हेंबर २०२० ला संपला. हे तुम्हाला माहीत असेलच, आणि तो सर्व्हर बदलणं तुमच्या हातात नसेल हे मलाही माहीत आहे. साहेबांना सांगताना 'लॅपटॉपला आता तो सर्व्हर ओळखू येत नाही' असं सांगून बघा.

तुमची दोन दुखणी इथे संपली. पण डेस्कटॉपवर हाच संदेश इतर कारणांनीही येतो आणि पुढच्या अपग्रेडला तुम्ही पुन्हा अडकाल, म्हणून माझ्या वहीतल्या काही गोष्टी.

एजंट कोण आहे हे ओळखायला 'एको' ने 'एसएसएच_ऑथ_सॉक' ही व्हेरिएबल छापा. शेवट 'कीरिंग/एसएसएच' असेल तर ग्नोम कीरिंग. 'जीसीआर/एसएसएच' असेल तर ग्नोमने अलीकडे हे काम जिच्याकडे सोपवलं ती नवी मंडळी. नावात 'जीपीजी-एजंट' दिसलं तर जीपीजीने कारभार हाती घेतलाय. 'टीएमपी' खालचा विचित्र नावाचा पत्ता असेल तर साधा एसएसएच-एजंट, किंवा दुसऱ्या मशिनवरून फॉरवर्ड होऊन आलेला. आणि काहीच छापलं नाही तर एजंटच नाही. टर्मिनलमध्ये गिट (कोड सांभाळणारं साधन) चालतं पण एडिटरच्या बटणावरून चालत नाही, ही तक्रार आली की मी दोन्हीकडे ही व्हेरिएबल छापायला सांगतो. बहुतेक वेळा दोन वेगळी उत्तरं येतात. कुणीतरी बॅशआरसीमध्ये (दर टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) 'इव्हॅल' ने नवा एजंट सुरू करायची ओळ टाकलेली असते. मग प्रत्येक टर्मिनल आपला वेगळा एजंट जन्माला घालतं, आणि मेनूतून उघडलेल्या एडिटरला त्यातला एकही दिसत नाही. एका मुलाच्या मशिनवर मी असे तेवीस एजंट मोजले होते. तो महिनाभर दर टर्मिनलला पासफ्रेज (किल्लीचा पासवर्ड) टाइप करत होता आणि त्याला वाटायचं सुरक्षा म्हणजे हेच असेल. एडिटर फ्लॅटपॅकमधून घातला असेल तर तो स्वतःच्या डब्यात बंद असतो, त्याला एजंटच्या सॉकेटची (एजंटशी बोलायच्या जागेची) परवानगी वेगळी द्यावी लागते. टीमक्समध्ये (टर्मिनल बंद केलं तरी सेशन जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सकाळचं सेशन संध्याकाळी परत जोडलं तर आत जुन्या सॉकेटचा पत्ता राहिलेला असतो.

'एजंट रिफ्यूज्ड ऑपरेशन' हा संदेश वेगळ्या जातीचा. त्याआधी 'सर्व्हर ॲक्सेप्ट्स की' आलेलं असतं, म्हणजे सर्व्हरला नावं ठेवायची नाहीत. एजंटला सही करता आली नाही. प्रायव्हेट फाइलची परवानगी सैल असेल तर असं होतं. पासफ्रेज विचारणारी खिडकी उघडता आली नाही तर होतं. हार्डवेअर टोकनला बोट लावायचं राहिलं तरी होतं. ज्यांनी लॅपटॉपला आपोआप लॉगिन लावलंय त्यांनी हे लक्षात घ्यावं: पासवर्ड न टाकता आत आलात तर कीरिंगचं कुलूप उघडतच नाही, आणि त्यात जपलेला पासफ्रेज एजंटला मिळत नाही.

परवानग्यांचं म्हणाल तर तुमच्या बाजूचा हिशोब सोपा आहे, प्रायव्हेट फाइल ६००, आणि चुकलं तर एसएसएच मोठ्या चौकटीत ओरडून सांगतो. सर्व्हरची बाजू मात्र मुकी असते. एका ग्राहकाकडे मी यात अख्खी दुपार घालवली आहे. किल्ली जुळत होती, ऑथराइज्ड_कीज ६००, फोल्डर ७००, सगळं पुस्तकाप्रमाणे. लॅपटॉपवर फक्त 'परमिशन डिनाइड'. शेवटी सर्व्हरचा लॉग उघडला तर पहिल्याच ओळीत 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी' आणि पुढे होम फोल्डरचा पत्ता. कुणीतरी फाइल अपलोड होईना म्हणून वैतागून अख्ख्या होमला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देऊन ठेवलं होतं. 'स्ट्रिक्ट-मोड्स' चालू असताना एसएसएचडी (सर्व्हरच्या बाजूचा एसएसएच) फाइल, फोल्डर आणि होम तिन्ही तपासतो. होमवर ग्रुपला किंवा इतरांना लिहायची मुभा असेल तर आतल्या फाइलवर विश्वास ठेवत नाही, कारण मग कुणीही फोल्डर बदलून आपली किल्ली घुसवू शकतो. एक 'सीएचमॉड ७५५' आणि काम झालं. तेव्हापासून मी सर्व्हरचा लॉग आधी बघतो. उबुंटू-डेबियनवर वार-लॉगमधला ऑथ-डॉट-लॉग, रेडहॅटच्या घराण्यात त्याच जागी 'सिक्युअर'. लॅपटॉपला सर्व्हर मुद्दामच कारण सांगत नाही, चोराला मदत नको म्हणून. लॉगमध्ये मात्र सगळं मोकळेपणाने लिहितो. फेडोरासारख्या ठिकाणी परवानग्या ठीक असूनही नकार आला तर एसईलिनक्सची (परवानग्यांवरच्या आणखी एका पहाऱ्याची) लेबलं बिघडलेली असतात, विशेषतः डॉट-एसएसएच दुसरीकडून हलवून आणलं असेल तर. 'रीस्टोरकॉन -आरव्ही' त्या फोल्डरवर चालवा.

एक लक्षण ऐकूनच ओळखता येतं: 'पहिल्यांदा पासवर्ड मागतो, पण एकदा आत शिरलो की दुसऱ्या टर्मिनलवरून किल्ली चालते.' होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेला आहे. लॉगिन होईपर्यंत तो उघडत नाही, आणि ऑथराइज्ड_कीज आतच अडकलेली.

आता आपल्याकडचं घरोघरी दिसणारं दुखणं. विंडोज आणि लिनक्स दोन्ही घातलेल्या लॅपटॉपवर किल्ली डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली असते, 'फॉरमॅट केलं तरी जाणार नाही' म्हणून. ते पार्टिशन एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचं. त्यावर सीएचमॉड ६०० मारलं की कमांड शहाण्यासारखी गप्प बसते, एररही देत नाही, आणि 'एलएस -एल' केलं की तिथे अजून ७७७. पेनड्राइव्हचंही तेच. फाइल होममध्ये कॉपी करा, मग परवानगी द्या.

त्याच कुळातलं दुसरं: 'लोड की', मग फाइलचं नाव, मग 'एरर इन लिबक्रिप्टो'. नाव भारी, कारण क्षुल्लक. फाइलचा मजकूर कुठूनतरी चिकटवलेला असतो. व्हॉट्सॲपवरून आलेला, विंडोजच्या ओळ-शेवटांसकट, किंवा 'एंड' च्या ओळीनंतरचं एंटर गळलेलं. डॉस२युनिक्स चालवा, शेवटी एक रिकामी ओळ द्या. फाइल पुटीची (विंडोजवरच्या एका एसएसएच प्रोग्रॅमची) डॉट-पीपीके असेल तर तिला ओपनएसएसएच समजत नाही, पुटीजेनने आधी रूपांतर करावं लागतं. फाइल धड आहे का हे 'एसएसएच-कीजेन -वाय -एफ' ने कळतं: प्रायव्हेटमधून पब्लिक काढून दाखवतो. ती ओळ सर्व्हरवरच्या ओळीशी ताडून बघा. शेजारच्या डॉट-पब फाइलवर विसंबू नका. मी प्रायव्हेट एकीची आणि डॉट-पब दुसरीची अशा जोड्या पाहिल्या आहेत. आणि सर्व्हरवर चिकटवताना किल्ली एकाच ओळीत राहिली पाहिजे. नॅनोमध्ये किंवा मेलमधून घेताना ती दोन ओळींत मोडली की डोळ्यांना ठीक दिसते आणि एसएसएचडीला नाही.

'सुडो' लावून गिट पुल करू नका, तिथे रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) घरातल्या किल्ल्या शोधल्या जातात, तुमच्या नव्हे. आणि गिटहबला युजरनेम नेहमी 'गिट' असतं, स्वतःचं नव्हे.

'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' हा संदेश तुमच्या किल्लीचा नाहीच, सर्व्हरच्या ओळखीचा आहे. तो आला की हात आपोआप नोन_होस्ट्समधली (ओळखीच्या सर्व्हरांच्या यादीतली) ओळ पुसायला जातो. आधी विचारा की सर्व्हर खरंच नव्याने बसवला का. २४ मार्च २०२३ ला गिटहबने स्वतःची आरएसए होस्ट किल्ली बदलली, कारण ती चुकून थोडा वेळ उघड्यावर पडली होती, आणि त्या दिवशी हा संदेश हजारो लोकांना खरोखरच्या कारणाने आला. त्यांनी नवा ठसा जाहीर केला होता. तो ताडून मग पुसणं हा बरोबर रस्ता.

सर्व्हरवर कॉन्फिग बदलायची वेळ आली तर आत असलेलं एक सेशन बंद करू नका. 'एसएसएचडी -टी' ने फाइल तपासा, रीलोड करा, दुसऱ्या टर्मिनलवरून आत जाऊन बघा, मगच पहिलं सोडा. आणि बदललेली ओळ लागूच होत नसेल तर शेजारच्या एसएसएचडी_कॉन्फिग-डॉट-डी फोल्डरमध्ये बघा. उबुंटूत तिथल्या फाइली आधी वाचल्या जातात आणि इथेही पहिली किंमत जिंकते. क्लाउडच्या मशिनवर तिथे पासवर्डविषयी एक ओळ तयार करून ठेवलेली बऱ्याचदा सापडते.

तर तुमच्यासाठी क्रम: जुन्या सर्व्हरच्या होस्टखाली अल्गोरिदमच्या दोन्ही ओळी, ऑफिसच्या आरएसए किल्लीचा पत्ता आणि आयडेंटिटीज-ओन्ली. डोक्यावरची ओळ काढा. क्लाउडसाठी वेगळा होस्ट, पेम आणि आयडेंटिटीज-ओन्ली. त्या पाच किल्ल्यांपैकी एखादी दोन दिवसांच्या धांदलीत कुठल्या सर्व्हरवर 'एसएसएच-कॉपी-आयडी' ने टाकली असेल तर ती ठेवा, बाकीच्या डॉट-एसएसएच मधून बाहेर काढा. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर नेलेल्या फाइली तिथून आजच पुसा, आणि त्याला त्याची स्वतःची किल्ली बनवून द्या.

एवढं करूनही अडलात तर 'एसएसएच -व्हीव्ही' चा मजकूर पाठवा, 'विल अटेम्प्ट की' पासून शेवटपर्यंत, आयपी आणि युजरनेम खोडून. जमलं तर त्याच मिनिटाचा सर्व्हरचा लॉगही. प्रायव्हेट फाइल पाठवू नका. हे सांगावं लागतं, कारण मागच्या खेपेला एकाने 'बघा ना फाइल बरोबर आहे का' म्हणत ती अख्खी पाठवली होती, आणि माझं पहिलं उत्तर 'ही आता बदला' एवढंच होतं.